आमची वाटचाल : पायाच्या बोल्टपासून शेवटच्या सहीपर्यंत

शिरोली एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक वेल्डिंग मशीन आणि दोन कामगार, एवढ्यावर आम्ही लोखंडी शेडची कामं सुरू केली. ऑर्डर मिळाली की माल आणायचा आणि कटिंगला लागायचं. गाळ्यात ठिणग्या उडताना दिसल्या की काम जोरात चाललंय, असं वाटायचं.

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या शेडनं डोळे उघडले. सुताचे बीम, म्हणजे मागावर चढवायचे जड रूळ, उचलायला शेडमध्ये होईस्ट (वजन उचलायचं यंत्र) हवा, असं मालकांनी मागाहून सांगितलं. आम्ही खांब जाड केले, खांबाखालची भोकांची बेस प्लेट मोठी केली, ड्रॉइंग बदललं. पायाच्या मिस्त्रीकडे मात्र जुनाच कागद राहिला. उभारणीच्या दिवशी हायड्रा क्रेननं पहिला खांब उचलला, पायातल्या बोल्टांवर आणला, आणि भोकं बसेनात. 40 मिलिमीटरचा फरक! खांब तसाच लोंबकळत होता, मिस्त्री टेप धरून पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि मालक शेजारी उभे होते. बोल्ट कापून, नवी भोकं पाडून, केमिकल भरून नवे बोल्ट बसवले. त्यात मृग लागला. नव्या मागांवर त्यांना ताडपत्र्या घालाव्या लागल्या. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या वर्गाला गेलो. सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि समारोप, असे पाच भाग तिथे शिकवले. देखरेख हा चौथा टप्पा नव्हे, ती पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालते, हे तिथेच समजलं. आता ड्रॉइंग बदललं की त्यावर नवा नंबर आणि तारीख पडते, आणि साइटवरचा जुना कागद परत घेतल्याशिवाय नवा दिला जात नाही.

सर्वांत उपयोगी पडला तो क्रिटिकल पाथ. ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांनी 1957 च्या सुमारास ही पद्धत बसवली. एकूण मुदत ज्या कामांच्या साखळीवर ठरते, ती आधी शोधायची. आमच्याकडे ती साखळी पायाची निघाली. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरतात, आणि गाळ्यातलं वेल्डिंग तेवढ्यात आरामात होतं. आम्ही मात्र इतकी वर्षं ओव्हरटाइम देऊन वेल्डिंग उरकत होतो, आणि तयार खांब पायाची वाट बघत गाळ्यात पडून राहत होते. आता 7 जूनपासून उलटे दिवस मोजतो आणि पायाची तारीख आधी पक्की करतो.

समारोपाकडे तर आमचं लक्षच नसायचं. पत्रे चढले की माणसं पुढच्या साइटवर, आणि शेवटचं बिल महिनोन्‌महिने अडकलेलं. आता बोल्ट पुन्हा आवळून बघतो, पन्हळीत पाणी ओतून उतार तपासतो, राहिलेल्या कामांची यादी मालकांसमोर पुरी करतो. सही त्यानंतर. पावसाआधी पन्हळीतला पाला कुठून काढायचा, हे त्यांच्या वॉचमनलाही शिडीवर नेऊन दाखवतो.