एकच उत्तम अंजन का देत नाही?

कुरण विकासाच्या बैठकीत मला हमखास विचारले जाते: अंजन गवताचे इतके नमुने सांभाळत बसण्यापेक्षा त्यातला सर्वांत चांगला एक निवडून तुम्ही आम्हाला का देत नाही? तुम्ही विचारलेत म्हणून एकदाच नीट लिहितो. (अंजन म्हणजे इथे गवत, त्या नावाचा वृक्ष नव्हे.)

अशी निवड मी केली होती. माळामाळांवरून आणलेले ठोंब आम्ही वाफ्यांत शेजारी शेजारी लावले होते. काही कमरेला लागणारे, रुंद निळसर पानांचे, जांभळट तुऱ्याचे, तर काही गुडघ्याच्याही खाली राहून जमिनीलगत पसरणारे, अरुंद पानांचे आणि फिकट तुऱ्याचे. मी कापणी तोलली, उंच ठोंब राखले, आणि बुटके कुदळीने काढून बांधावर टाकले. त्यांचे मूठभर बीसुद्धा ठेवले नाही.

उंच ठोंबाचे बी माण तालुक्यातल्या एका मुरमाड उतारावर पेरले. दोन वर्षे ते छान वाढले. मग 2012 चा दुष्काळ आला. पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे बसून एकेका ठोंबाचे बूड अंगठ्याने दाबून पाहिले. जिवंत अंजनाचे बूड फुगीर आणि टणक लागते, कारण ठोंब आपले अन्न तिथे साठवतो. इथे ते बोटांखाली भुसा होत होते. एक रांग संपली, दुसरी संपली, तरी तेच. ताल ओलांडून गायरानात गेलो, तर तिथल्या बुटक्या ठोंबांच्या बुडाशी हिरवे कोंब होते. जमिनीचे मालक मागून आले आणि एवढेच म्हणाले, "दुसरं बी हाय का तुमच्यापाशी?" माझ्यापाशी नव्हते.

सगळे ठोंब सारखेच का गेले, याचे उत्तर अंजनाच्या बियांत आहे. अंजनाला फुलोरा येतो, परागही पडतात, पण त्यांचा उपयोग बहुधा बियातला अन्नसाठा तयार होण्यापुरताच. गर्भ फलनाशिवाय, आईच्याच पेशीतून तयार होतो. बहुतेक ठोंबांत 36 गुणसूत्रे, म्हणजे 9 चे चार संच असतात. 32, 40, 45 आणि 54 गुणसूत्रांचेही सापडतात, पण प्रत्येक वंश आपलीच नक्कल काढत राहतो. खऱ्या फलनातून बी धरणारा ठोंब गवतांचे संशोधक बशॉ यांनी अमेरिकेत टेक्सासमध्ये नोंदवला, तो 1962 साली. संकराची वाट त्यानंतर उघडली. उंचाच्या बियातून उंचच येते म्हणून मी खूश होतो, आणि त्याच कारणाने माझे ते सगळे कुरण म्हणजे हजारो वेळा लावलेला एकच ठोंब होता.

तरीही माझी निवड सरसकट चुकली, हे मला मान्य नाही. खोल जमिनीच्या शेतकऱ्याला मी आजही तेच उंच अंजन देतो, आणि ते भरपूर चारा देते. शिवाय गायरानातले ठोंब कदाचित वीस वर्षांचे असतील, त्यांची मुळे खोल गेलेली असतील. ते वंशामुळे तगले की वयामुळे, हे त्या दिवशी मला सांगता आले नसते. आणि खरे सांगायचे, तर माझे बुटके ठोंब वाफ्याच्या कडेला, पातळ मातीत होते. त्यांचा बुटकेपणा वंशाचा की त्या मातीचा, हे न तपासताच मी कुदळ चालवली.

आता त्या गायरानातला एकेक ठोंब फोडून, त्याचे चार तुकडे चार प्रकारच्या मातींत लावले आहेत. त्यांतले दोन मुरमातही उंच होऊ लागले आहेत.