चूक कोणाची, हे मी का लिहीत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दवाखान्यातल्या चुकांचा अभ्यास करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "मग चूक करणाऱ्याचं नाव का लिहीत नाही? कुणाला पाठीशी घालता?"

पाठीशी कुणालाच घालत नाही. पण नाव सापडलं की तपास तिथेच थांबतो. सिस्टरची बदली होते आणि चूक होण्याचं कारण वॉर्डातच राहतं.

आपल्या सोलापूरचंच घ्या. पूर्वभागातल्या एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका शेजारच्या खाटांवर सहज येतात. कुणी घरी तेलुगू बोलतं, कुणी कर्नाटकातल्या इंडीहून आलेलं, त्यांची भाषा कन्नड. रात्रपाळीची सिस्टर एकटी अख्खा वॉर्ड सांभाळते. ती घाईत विचारते, "लक्ष्मीबाई ना तुम्ही?" आजींना कमी ऐकू येतं, मराठी अर्धवट कळतं. त्या मान हलवतात आणि दुसरीचं इंजेक्शन त्यांना मिळतं. सिस्टरने विचारलं होतं, पण त्या प्रश्नाला मान हलवणं पुरेसं होतं. "तुमचं नाव काय?" असं विचारलं, तेलुगूत "मी पेरेमिटी?" किंवा कन्नडमध्ये "निम्म हेसरेनु?", तर आजींना स्वतःचं नाव सांगावंच लागतं. मग ते मनगटावरच्या पट्टीशी आणि केसपेपरशी जुळवायचं. खाटेच्या नंबरावर विसंबायचं नाही, खाटा बदलतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जे नऊ उपाय सांगितले, त्यांत पेशंटची ओळख पटवणं आहेच. तीव्र पोटॅशियम क्लोराइड या इंजेक्शनच्या औषधावर नियंत्रण ठेवणंही आहे. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. भिंतीवर 'सावधान' लिहून काही होत नाही. ती बाटली वॉर्डात ठेवूच नये. माणूस दमणार, हे धरूनच व्यवस्था लावायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

याने फरक पडतो का? शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मोठ्याने वाचायच्या तपासणी यादीचा अभ्यास दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत झाला, २००९ साली प्रसिद्ध झाला. यादी आल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

घरच्यांना मात्र काय घडलं ते लगेच, त्यांच्या भाषेत सांगितलंच पाहिजे. आणि जो केसपेपरात मागाहून खाडाखोड करतो, त्याची चौकशी नावानिशी व्हावी. ती चूक नव्हे, लबाडी आहे.