कर्नाळा आणि फणसाड: घामाच्या रानातल्या वाटा

कोकणातल्या रानात माणूस चढापेक्षा दमटपणाने जास्त थकतो. घाटमाथ्यावर ऊन कितीही कडक असलं तरी घाम येतो आणि वाळतो. पनवेल-पेणच्या पट्ट्यात मात्र हवेतच इतकी वाफ असते की घाम सुकतच नाही, नुसता निथळतो. आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे ‘दीड तासाचा तर किल्ला आहे’ म्हणून सकाळी दहाला चढायला लागलेली मंडळी अर्ध्या वाटेत झाडाखाली आडवी झालेली दिसतात. रायगड जिल्ह्यातल्या कर्नाळा आणि फणसाड या दोन अभयारण्यांत जायचं तर आधी घड्याळ आणि पाणी यांचा हिशोब करावा, मग पक्ष्यांच्या याद्या बघाव्यात.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर. म्हणजे कर्नाळा किल्ला करून परत यायला माणशी तीन लिटर, आणि तेही पाठीवर. वाटेत मिळेल या भरवशावर जाऊ नये. नुसतं पाणी ढोसत राहिलं की मीठ कमी पडून डोकं दुखतं आणि मळमळतं, म्हणून एक लिटर मिठासाखरेचं हवं: सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू पिळलं तर चव येते. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्यावेत. कपडे सुती चालतात, पण भिजल्यावर ते अंगाला चिकटून मांड्या सोलतात, त्यामुळे खालची पँट तरी पटकन वाळणाऱ्या कापडाची आणि पूर्ण लांबीची असावी. हाफ पँटवाल्यांची काय गत होते ते पुढे खाजकुयलीच्या वेळी येईलच.

कर्नाळ्याला जाणं सोपं. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरवर मुंबई-गोवा महामार्गालगतच अभयारण्याचं फाटक आहे, आणि पेण-अलिबागकडे जाणारी साधी एसटी तिथे थांबते. निमआराम गाडी थांबेलच असं नाही, चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्यावं. अभयारण्य आहे जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं, त्यातून महामार्ग आरपार गेलेला. आत शिरल्यावरही बराच वेळ ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. तरी रान दाट आहे: साग, ऐन, किंजळ, कुंभा, काटेसावर, ओढ्याकाठी आंबा आणि जांभूळ. फाटकावर तिकीट काढताना पिशव्या तपासतात आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात. स्टीलच्या बाटल्या आणि डब्यात खाणं नेलं की हा सगळा प्रकार दोन मिनिटांत उरकतो. सुट्टीचा वार आणि फाटक उघडायची वेळ मधूनमधून बदलते, निघण्याआधी वनखात्याकडे विचारावं.

आत गेल्यावर बहुतेकांची नजर किल्ल्याकडे. आमचं मत असं की पक्षी बघायचे असतील तर किल्ला त्या दिवसापुरता विसरावा. हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आहेत. हरियाल छोटी आणि बरीचशी सपाट, लहान मुलं आणि आजी-आजोबा आरामात जातात. मोरटाका लांब आणि जास्त दाट. या वाटांवर तासाला एक किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने चालणं म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात. एका वळणावर दहा मिनिटं गप्प उभं राहावं. आधी बुलबुल आणि सातभाई बोलायला लागतात. मग पल्लवपुच्छ कोतवाल येतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके, दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करत. त्याच्या मागोमाग छोट्या पक्ष्यांचा मिश्र थवा सरकत असतो, कारण थव्याने हलवलेले किडे कोतवालाला आयते मिळतात आणि शिकारी पक्षी आला तर पहिली हाक त्याची असते. कोतवाल दिसला की दुर्बीण त्याच्या आजूबाजूला फिरवावी. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक, शामा आणि नशिबात असेल तर मलबार ट्रोगन याच पद्धतीने सापडतात. ट्रोगन पाठ करून बसला तर तपकिरी फांदीसारखाच दिसतो. त्याने मान वळवली, पोटाचा लाल रंग दिसला, की मगच तो पक्षी असल्याचं कळतं.

किल्ला मात्र वेगळं प्रकरण. उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर. ऐकायला कमी वाटते, पण फाटक जवळजवळ तळालाच असल्याने बहुतेक सगळी उंची पायांनीच चढायची असते. पहिला टप्पा झाडीतला, हवा ठार बंद. वारा नसल्याने इथेच सर्वांत जास्त घाम जातो. नंतर वाट सोंडेवर येते, वारा लागतो, आणि लोक खूश होऊन वेग वाढवतात. तो वाढवू नये, कारण इथून पुढे सावली तुटक होत जाते. दीड ते दोन तासांत दरवाजा. सूर्य उगवता उगवता चढायला लागलं तर नऊच्या आत माथा आणि साडेदहाच्या आत परत झाडीत, हे गणित हिवाळ्यात जमतं. मार्चनंतर किल्ल्याच्या वाटेला जाऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बेसाल्टचा कातळ सकाळपासून तापतो आणि उतरताना ऊन वरून, धग बाजूने लागते.

हा किल्ला १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक. १६७०मध्ये तो परत स्वराज्यात आला आणि १८१८मध्ये इंग्रजांनी घेतला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं शिरढोण इथून जवळच, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. माथ्यावर बघण्यासारखं म्हणजे सुळका, त्याच्या पायथ्याला कातळात खोदलेली टाकी आणि कोठारं. टाक्यातलं पाणी पिऊ नये.

आता मधमाश्या. सुळक्याच्या कड्यावर आग्या मोहोळं असतात, पावसाळा संपल्यावर येतात आणि पुढचा पावसाळा यायच्या सुमारास निघून जातात. म्हणजे चढाईचा जो उत्तम हंगाम, तोच त्यांचाही. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते. जवळून पाहिलं तर पोळ्यावर माश्यांचा पडदा दिसतो आणि मधूनच त्यावरून झरझर लाट गेल्यासारखी हालचाल होते. पोटं एकामागोमाग एक वर उचलून त्या गांधीलमाश्यांना हुसकावतात. ही लाट शोभेची नसते. ती वारंवार दिसायला लागली तर पोळं आधीच सावध आहे असं समजून मागे फिरावं.

माश्या उठतात त्याची कारणं ठरलेली: धूर, अत्तर किंवा डिओचा उग्र वास, आरडाओरडा, दगड, आणि अलीकडे ड्रोनची घरघर. एक कारण मात्र माणसाच्या हातातलं नसतं. मोहोळघार नावाचा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून तुकडा तोडून नेतो, आणि चिडलेल्या माश्यांच्या तावडीत खाली उभा असलेला माणूस सापडतो. म्हणून सुळक्याखाली डबे उघडून पंगत मांडायची नाही. बघायचं, फोटो काढायचा, दरवाजाजवळ येऊन खायचं. अंगावर आल्याच तर हात झाडू नयेत, जागेवर बसूनही राहू नये. तोंड आणि डोकं ओढणीने, शर्टाने, जे असेल त्याने झाकून वाटेवरूनच जितक्या लवकर जाता येईल तितकं खाली झाडीत शिरावं. वाट सोडून धावणं जास्त धोक्याचं, कारण दोन्ही बाजूंना उतार आहे. एका माशीने डंख मारला की त्या वासाने बाकीच्या तिथेच येतात, म्हणून थांबून काटे काढत बसू नये. सुरक्षित जागी पोहोचल्यावर नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून लगेच काढावेत. चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या किंवा डंख खूपच असले तर घरगुती उपाय सोडून थेट दवाखाना.

पावसाळ्यात कर्नाळ्याचा किल्ला निसरडा आणि ढगात, पण खालच्या वाटांना तेव्हाच बहर असतो. जूनच्या पहिल्या सरींबरोबर तिबोटी खंड्या येतो. चिमणीएवढा, पिवळंधमक पोट, जांभळट-निळी पाठ, लालभडक चोच. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून तो अंडी घालतो आणि पिल्लांना खेकडे, सरडे, बेडूक भरवतो. हा रायगडचा जिल्हापक्षी. त्याच्यासाठी कॅमेऱ्यांची रांग लागते आणि त्यातले काही महाभाग बिळापासून चार हातांवर बसतात. पक्षी चोचीत खेकडा धरून फांदीवर शेपूट उडवत बसलाय आणि बिळात जात नाहीये, याचा अर्थ आपण वाटेत आहोत. सरळ उठून मागे जावं, तो दोन मिनिटांत आत जातो.

फणसाडचा स्वभाव पूर्ण निराळा. मुरूड आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरांत पसरलेलं हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल होतं. १९८६मध्ये अभयारण्य झालं. कर्नाळ्याच्या चौपट मोठं, आणि किल्ला नसल्यामुळे गर्दी नाही. मुख्य प्रवेश सुपेगावकडून. अलिबाग-रेवदंडा मार्गे मुरूडला एसटी भरपूर, पण सुपेगावपर्यंत थेट गाड्या मोजक्याच, त्यामुळे स्वतःचं वाहन किंवा मुरूडहून रिक्षा ठरवून यावं आणि परतीची वेळही त्याच्याशी पक्की करावी. आत मोबाइलची रेंज धरून चालू नये. वनखात्याची परवानगी आणि गावातला वाटाड्या, दोन्ही घ्यावंच. वाटा एकमेकींसारख्या दिसतात आणि गुरांच्या पायवाटा भलतीकडेच नेतात.

इथे पाणवठ्याला गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडची गाण अशी नावं वाटाड्याच्या तोंडी सतत येतात, आणि उन्हाळ्यात सगळं रान या गाणींभोवती गोळा होतं. एप्रिल-मेमध्ये फणसाडला यायचं ते भटकायला नाही, बसायला. दुपारी साडेतीनपर्यंत गाणीपासून वीस-पंचवीस पावलांवर, झुडपाला पाठ लावून, वारा पाण्याकडून आपल्याकडे येईल अशी जागा धरावी. वारा उलटा असेल तर कितीही गप्प बसा, भेकर येणार नाही. पहिला अर्धा तास काहीच होत नाही आणि याच वेळात बहुतेक लोक उठतात. मग बुलबुल, कबुतरं, वानरांची टोळी. वानर पाणी पिताना एकजण वर झाडावर राखणीला असतो, त्याचा खकारा ऐकू आला तर आपण दिसलोय किंवा जवळपास बिबट्या आहे. भेकर अगदी शेवटी, पाऊल टाकून थांबत, कान फिरवत. त्याच्या येण्याची वाट बघता बघता निघायची वेळ होते. अंधाराआधी वाटाड्यासोबत बाहेर पडायचंच, इथे हट्ट करू नये.

सकाळी वर बघत चालावं ते शेकरूसाठी. आधी झाडाच्या टोकाला फांदीच्या बेचक्यात पानांचं मोठं भेंडोळं दिसतं, ते घरटं. एक शेकरू अशी तीन-चार घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू तिथेच असेल असं नाही. खडखडाटी हाक आली की त्या दिशेने वरचे शेंडे तपासावेत. अर्धवट कुरतडलेली फळं आणि सालीचे ताजे तुकडे वाटेवर पडलेले असतील तर मान तिथेच वर करावी. फणसाडमधली दुसरी बघण्याजोगी गोष्ट गारंबीची वेल. खोड माणसाच्या मांडीएवढं, झाडावरून झाडावर गेलेलं, आणि शेंग हाताच्या लांबीची किंवा त्याहून मोठी. आतल्या तपकिरी चकत्यांसारख्या बिया खिशात टाकायचा मोह होतो, पण अभयारण्यातून काहीच न्यायचं नसतं.

आता अंगाला लागणाऱ्या गोष्टी. खाजकुयलीच्या शेंगा डिसेंबरपासून वाळतात आणि त्यांची सोनेरी लव वाऱ्यावरही उडते. लागली तर खाजवू नये, पाणीही लगेच लावू नये. आधी चिकटपट्टी दाबून दाबून लव उचलून काढावी, मग धुवावं. पावसाळ्यानंतर गवतात गोचिडीची बारीक पिल्लं असतात, टाचणीच्या टोकाएवढी. पँट मोज्यात खोचावी, संध्याकाळी काखा, जांघा आणि कानामागे तपासावं. चावलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल किंवा आगपेटीचे प्रयोग नकोत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगावं, नाहीतर उपचार भलत्याच तापाचे सुरू होतात. साप म्हणाल तर कोकणात फुरसं दगडांच्या आडोशाला असतं. बसण्याआधी दगड काठीने हलवावा, हात न बघता कपारीत घालू नये. चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. तो पाय न हलवता माणसाला उचलून किंवा वाहनाने प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावं.

आणि उष्माघात. सोबतचा माणूस गप्प झाला, चालताना अडखळायला लागला, विचारलेल्याचं उत्तर भलतंच द्यायला लागला की त्याला पाणी पाजत बसू नये. शुद्ध नीट नसताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत झोपवून, कपडे सैल करून मान, काखा, जांघांवर पाणी ओतावं आणि टोपीने, पुठ्ठ्याने जोरात वारा घालावा. ओतायला पाणी शिल्लक हवं, म्हणूनच वरच्या तीन लिटरांतलं शेवटचं अर्धं लिटर गाडीपाशी येईपर्यंत कोणी प्यायचं नसतं.