खरा हुरडा कुठे मिळतो? तुम्ही विचारलंत म्हणून

डिसेंबर लागला की ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, तुम्ही मंगळवेढ्याकडच्या ना, मग खरा, एकदम ऑथेंटिक हुरडा कुठे मिळेल सांगा ना, ते रिसॉर्टवालं नको. रिसॉर्टवालं म्हणजे रेन डान्स, जादूचे प्रयोग, फेटा बांधून बैलगाडीत फोटो आणि मधेच कधीतरी वाटीभर हुरडा.

आता खरं सांगू का, आमच्याकडे हुरडा विकत खायची गोष्टच नव्हती. मालदांडी ज्वारी भाकरीला (मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ला जीआय टॅग मिळाला बरं का) आणि हुरड्याला गुळभेंडीच्या चार ओळी, त्याही रानाच्या मधोमध, कारण गोड कणसं पाखरं ठेवत नाहीत. दाणा चिकात असतो जेमतेम आठ-दहा दिवस, तेवढ्यात कुणीतरी म्हणायचं "या की रानात", की निघालो. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसलेली, आणि मामा ती तशीच गरम हातावर चोळायचा, तळवे लालभडक, आमच्या पुढ्यात वाफाळता हिरवा दाणा, लसणाची चटणी, गूळ. तो स्वतः खायचा सगळ्यात शेवटी, उरला तर.

तोच मामा आता हुरडा पार्टी करतो. माणशी आठशे. सीझन लांबावा म्हणून पेरणी तीन टप्प्यांत, त्यात राहुरी कृषी विद्यापीठाचं 'फुले मधुर' हे हुरड्याचं वाणसुद्धा. लोक फोनवरच विचारतात भाकरी चुलीवरचीच ना, म्हणून मामी चूल पेटवते, धुरात डोळे चोळत बसते आणि गाड्या गेल्या की गॅसवर चहा टाकते. मागच्या वर्षी एका बाईंनी विचारलं, तुम्ही रोज नऊवारीच नेसता? मामी म्हणाली, शनिवार-रविवार.

मला यात फसवणूक वाटत नाही हो, ज्वारी विकून जे हातात पडतं त्यापेक्षा हे बरंय, आणि आगटी खरी, चटके खरे. फक्त तुम्ही मला पत्ता विचारता, आणि आमच्याकडे हुरड्याला पत्ता नव्हता, बोलावणं होतं, ते मी गूगल मॅपवर कुठून काढून देऊ?

तरी जायचंच असेल तर मामाचा नंबर देते. संक्रांतीच्या आसपास जा, मधल्या वारी जा, आणि दोन कणसं स्वतः चोळून बघा. मामी मात्र गाऊनवर असेल, खांद्यावर टॉवेल टाकून.