आमची वाटचाल : अजरखपूरची नीळ आणि फोंड्याचे दुकान

फोंडा येथील आमच्या दुकानाचा आरंभ शाळेच्या गणवेशांपासून आणि लग्नसराईच्या शिवणकामापासून झाला. पुढे सुती कुडते स्वतःच्या नावाने विकू लागल्यावर निळ्या ठसेछपाईला मागणी वाढली, तेव्हा हे कापड जेथे रंगते ती जागाच पाहावी, या विचाराने आम्ही कच्छमध्ये भुजजवळच्या अजरखपूरला गेलो.

हे गाव २००१ च्या भूकंपानंतर वसले. कच्छमधल्याच धमडका गावच्या पाण्यात लोह वाढून ते रंगकामाला निरुपयोगी झाल्यामुळे कापड रंगवणारी आणि छापणारी बरीच खत्री कुटुंबे इकडे आली. अजरखच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक ठसेछपाईच्या, कापडाला आधी हिरड्याचा हात दिलेला असतो, आणि हिरडा व लोह एकत्र आले की काळा रंग उमटतो. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून काळ्या रेषांसाठी कारागीर हाच गुण कामी आणतात. पण धुण्याच्याच पाण्यात लोह असेल तर सगळे कापड मळकट होते.

नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून चुना, गूळ इत्यादी घालून निळीचे कुंड आंबवतात, तेव्हा ती विरघळून पाणी पिवळसर हिरवे होते. त्यातून काढलेले कापडही प्रथम हिरवटच असते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. पांढऱ्या राहायच्या नक्षीवर चुना आणि गोंद यांचा लेप असतो. गडद छटेसाठी कापड पुन्हापुन्हा बुडवून दर वेळी वाऱ्यावर धरावे लागते. दराबद्दल घासाघीस करण्याची आमची इच्छा तेथेच संपली.

फोंड्यात स्वतःचे कुंड घालण्याचा बेत आम्ही सोडून दिला. आमच्या विहिरीच्या पाण्याचे तांबूस डाग पांढऱ्या कापडावर पडतात, आणि जूनपासून वाळवणाला ऊन मिळत नाही. आता चवथीच्या विक्रीचे कापड आम्ही उन्हाळ्यातच मागवून ठेवतो, कारण पावसाळ्यात तिकडेही काम मंदावते.

कारखान्यातील नीळ १८९७ पासून बाजारात आहे आणि तिचा रंगद्रव्याचा रेणू वनस्पतीतल्या निळीसारखाच असल्यामुळे नुसत्या नजरेने फरक कळत नाही. म्हणून कारागिराने सांगितलेला निळीचा प्रकारच आम्ही चिठ्ठीवर लिहितो. त्याने सांगितले नसेल तर ‘नैसर्गिक’ हा शब्द घालत नाही, मग गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. पहिल्या काही धुण्यांत नीळ सुटते, हेही बिलावर छापलेले असते.