चोशीची छोटी ट्रेन, जी सेनबेई (तांदळाचे क्रॅकर) विकून चालते

टोकियोहून डे ट्रिप म्हटलं की सगळे कामाकुरा नाहीतर निक्को. आम्ही यावेळी चोशी गाठलं, चिबा प्रीफेक्चरच्या पार पूर्वेच्या टोकाला. शिओसाई एक्सप्रेसने साधारण दोन तास लागतात, जेआरचा (जपानची मोठी रेल्वे कंपनी) पर्यटक पास चालतो, पण चोशीपासून पुढची चोशी इलेक्ट्रिक रेल्वे प्रायव्हेट आहे, तिथे जेआर पासही चालत नाही आणि सुइका (टॅप करायचं प्रीपेड कार्ड) ही नाही, त्यामुळे रोख येन खिशात ठेवाच. आणि वेगळं स्टेशन शोधत फिरू नका, जेआरच्याच प्लॅटफॉर्मच्या टोकाला ही गाडी उभी असते. तिकीट गाडीत कंडक्टर देतो. दोन-तीन ठिकाणी उतरणार असाल तर दिवसाचा पास घ्या, परवडतो.

लाइन फक्त ६.४ किमी, १० स्टेशनं, वीस मिनिटांत संपते. पण इतिहास म्हणाल तर भन्नाट! १९१३ मध्ये इथे आधी एक टुरिस्ट रेल्वे निघाली होती, ती १९१७ मध्येच बंद पडली, पहिल्या महायुद्धामुळे लोखंडाचा भाव इतका चढला की रूळच विकून टाकले. मग १९२३ मध्ये नवीन कंपनीने पुन्हा गाडी सुरू केली आणि १९२५ पासून ती विजेवर धावायला लागली.

खरी गंमत २००६ ची. माजी अध्यक्षाने पैशांची अफरातफर केलेली, कंपनी कर्जात, डब्यांची कायद्याने करावी लागणारी तपासणी करायलाही पैसे नाहीत. तेव्हा कंपनीने वेबसाइटवर सरळ लिहिलं की आमचे नुरे-सेनबेई घ्या, गाड्या दुरुस्त करायला पैसे हवेत. हे म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवलेले मऊ तांदळाचे क्रॅकर, कंपनी १९९५ पासून विकत होती. ऑर्डरींचा नुसता पाऊस पडला. आजही तिकिटांपेक्षा खाऊवर कमाई जास्त आहे. २०१४ मध्ये गाडी रुळावरून घसरली तेव्हा गावातल्या हायस्कूलच्या पोरांनी क्राउडफंडिंग करून दुरुस्तीला पैसे जमवले, मला तर हे सेनबेईपेक्षा भारी वाटलं.

सॉसही इथलाच बरं का. चोशी सुटल्या सुटल्या यामासाचा सोया सॉस कारखाना लागतो, ही कंपनी १६४५ पासूनची. लगेच नाकानोचोला उतरा, तिथे डेपो आहे आणि १९२२ चं जर्मन बनावटीचं देकी ३ हे पिटुकलं इंजिन. कासागामी-कुरोहाए स्टेशनला समोरची गाडी क्रॉस होते, एकच रूळ असल्यामुळे इथे दोन्ही गाड्या थांबतात, दाराजवळ उभं राहून बघा.

इनुबोला उतरून दीपगृह, दहा-एक मिनिटं चालत. १८७४ चं आहे, विटांचं, ९९ पायऱ्या, वर वारा जबरदस्त, टोपी हातात धरा. स्टेशनवरच्या दुकानात सेनबेई मिळतात. शाकाहारी असाल तर पाकिटावरचं लेबल फोनने ट्रान्सलेट करून बघा, जपानी सॉसमध्ये माशाचा अर्क असू शकतो. चव खारट-गोड, पहिला घास विचित्र लागतो, तिसऱ्यानंतर पाकीट संपतं.

शेवटचं स्टेशन तोकावा, जुनं लाकडी, फोटोवाले तिथेच रेंगाळतात. पण दुपारी गाड्या कमी, तासाला एखादीच, म्हणून उतरल्या उतरल्या परतीच्या टाइमटेबलचा फोटो काढा आणि शेवटची शिओसाई किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवा.