पावसाळ्यातलं नांदूरमध्यमेश्वर, आणि चार अंड्यांचा बाप

नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य म्हटलं की सगळ्यांना डिसेंबर-जानेवारीच आठवतो, थंडी, फ्लेमिंगो, बाहेरून आलेली बदकं आणि रविवारी गाड्यांची रांग. २०२० मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, तो मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा, तेव्हापासून तर गर्दी अजूनच. पण मला विचाराल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. हिवाळी पाहुणे इथे खायला-राहायला येतात, त्यांचा संसार लांब उत्तरेत. आपल्या इथल्या पक्ष्यांचा संसार मात्र पावसाळ्यात अगदी डोळ्यांसमोर मांडलेला असतो.

परवा सकाळी साडेसहाला चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर पोचलो, वर मी, मित्र आणि गाईड भाऊ, बाकी कोणी नाही. भाऊंनी स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) लावला आणि म्हणाले, "तो पाल्याचा ढीग दिसतो का? नुसता बघत बसा." पाच मिनिटांनी त्या ढिगावर बसलेली टिबुकली, पाण्यात बुड्या मारणारा छोटा पक्षी, उठली, पण उठायच्या आधी तिने चोचीने ओला पाला भराभर ओढून अंड्यांवर टाकला आणि मग गडप! अंडी घातली तेव्हा पांढरी असतात, त्या कुजक्या पाल्याचे डाग बसून बसून तपकिरी होतात. स्कोपमधून बघूनही आत अंडी आहेत हे कळत नव्हतं.

आणि मग कमळपक्षी. विणीच्या दिवसातली ती लांब काळी शेपटी, मानेमागे सोनेरी पट्टा, कसला देखणा दिसतो! मादी चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, पुढचे साधारण २६ दिवस उबवायचं आणि नंतर पिल्लं सांभाळायची ती नरानेच, आणि घरटं म्हणजे तरंगत्या पानांवर ठेवलेल्या चार काड्या. धोका वाटला की तो अंडी हळूहळू सरकवत दुसऱ्या जागी नेतो.

या सगळ्यांना खरी भीती पाण्याची. वर नाशिककडे पाऊस झाला, गंगापूर-दारणा धरणांतून विसर्ग सुरू झाला की ते पाणी इथूनच जायकवाडी धरणाकडे जातं, पातळी भराभर वर येते. टिबुकलीचं घरटं वेलींना अडकवलेलं असतं, थोडं वर उचललं जातं, पण लोंढा आला की तेही जातं.

हे आपल्या हातात नाही, पण दुसरं आहे. मागच्या वर्षी एक फोटोग्राफर जवळून फ्रेम मिळावी म्हणून थेट गवतात उतरला, अंड्यांवरचा कमळपक्ष्याचा नर उडाला आणि वीस मिनिटं परत फिरकलाच नाही, वर कावळे घिरट्या घालत होते. मला फार त्रास झाला त्याचा. प्लीज, काठावरूनच बघा, आणि घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका.

साडेनऊला सर सुरू झाली. कमळपक्ष्याच्या नराने पंख अंड्यांखाली सारले, अंडी छातीशी धरली आणि मान आत घेऊन बसून राहिला. आम्ही स्कोप गुंडाळला, तो तसाच बसलेला होता.